सहीवरचं प्रश्नचिन्ह

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या ऑफिसात अकरावीच्या प्रवेशाची कागदपत्रं तपासायचं काम कित्येक वर्षांपासून माझ्याकडे आहे. परभणीत माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, मी खिडकीत बसले की चहालासुद्धा उठत नाही. दुसरी, माझ्या हातून खोटा कागद सुटत नाही. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीही खरी आहे असं मला एका जूनपर्यंत वाटत होतं.

त्या जूनमध्ये आमचे प्राचार्य कुठल्याशा बैठकीला जाऊन आले आणि त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. तहसीलचे अधिकारी आता दाखल्यावर पेनाने सही करत नाहीत, संगणकावर करतात, हे मला माहीत होतंच. प्राचार्यांनी त्यात भर घातली की अशा सहीवर हिरवी टिक असेल तरच दाखला खरा समजायचा. बैठकीत कोणीतरी ती टिक त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवली होती. घरात नवीन सून आल्यावर तिच्याबद्दल जसं बोलतात तसं ते त्या टिकबद्दल बोलत होते. टिक नसेल तर कागद परत पाठवा, कोणाचीही ओळख-पाळख बघू नका, असं बजावून त्यांनी मला सोडलं.

माझं अक्षर चांगलं आहे. मी कार्डशीटवर सूचना लिहिली: 'दाखल्यावरील डिजिटल सहीवर हिरवी टिक असल्याशिवाय दाखला स्वीकारला जाणार नाही.' खाली दोन रेघा ओढल्या आणि खिडकीच्या बाजूला चिकटवली.

आता तपासायचं कशावर, हा प्रश्न होता. ऑफिसातल्या एकुलत्या एक धड संगणकावर लेखापालांनी ठाण मांडलं होतं. म्हणून मी पालकांना सांगायला लागले की दाखल्याची फाइल माझ्या फोनवर पाठवा. फाइल यायची, मी उघडायचे, शेवटच्या पानावर खाली जायचे. तिथे एक चौकट असायची. चौकटीत अधिकाऱ्याचं नाव, तारीख, वेळ. आणि त्या सगळ्यावर पसरलेलं एक पिवळं, गलेलठ्ठ प्रश्नचिन्ह. शेजारी इंग्रजीत लिहिलेलं, 'सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड'. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, पण 'नॉट' कळायला तेवढं पुरतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत आलेल्या एकूण एक फाइलवर प्रश्नचिन्ह निघालं. मी एकूण एक माणूस परत पाठवला. माणसं सेतू केंद्रात जायची, तिथले म्हणायचे की कागद बरोबर आहे, मग माणसं पुन्हा माझ्याकडे. मी म्हणायचे, बरोबर असेल तर त्यांना टिक द्यायला सांगा. एकाच वेळी सगळ्या तालुक्यांचे सगळे दाखले संशयास्पद कसे निघतील, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. उलट, बरं झालं वेळेवर आपल्या लक्षात आलं, असंच वाटत राहिलं.

आणि मग गुरुवारपासून टिका यायला लागल्या.

फोनवर नव्हे, छापील कागदावर. छान रंगीत प्रत, चौकटीत अधिकाऱ्याचं नाव आणि त्यावर हिरवीगार टिक. पालकही खूश, मीही खूश. मी भराभर कागद घेऊन ढीग लावायला लागले. संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सांगितलं की शिस्त लावली की लागते, फक्त लावणारं कोणी पाहिजे. माझे यजमान देवगाव फाट्याच्या पुढे एका शाळेवर शिक्षक आहेत आणि रोज मोटारसायकलवर जातात-येतात. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत नुसतं 'हं' केलं. ते 'हं' मला त्या वेळी कौतुकाचं वाटलं.

शनिवारी सोनपेठकडचे एक काका आले. सत्तरीच्या आसपासचे, पांढरा सदरा, पायजमा, खिशाला पेन. नातीचा प्रवेश होता. मुलगा-सून शेतीच्या कामात, म्हणून मुलाचा फोन घेऊन हे एसटीने आले होते. त्यांनी कागदपत्रं प्लास्टिकच्या पाकिटात क्रमाने लावली होती आणि वर कोणता कागद कितवा याची यादी ठेवली होती. इतकी नीट फाइल मी त्या मोसमात पाहिली नव्हती. विचारल्यावर कळलं की ते गावाकडचं पोस्ट सांभाळून निवृत्त झाले होते.

नातीच्या अधिवासाच्या दाखल्यावर प्रश्नचिन्ह होतं. मी सूचनेकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सूचना पूर्ण वाचली. मग टिक कोण देतं, असं विचारलं. ज्यांनी दाखला दिला ते, असं मी म्हटलं. त्यांनी खिशातून छोटी वही काढून तेवढं लिहून घेतलं आणि गेले.

मंगळवारी ते परत आले. सोनपेठच्या सेतूत जाऊन आले होते, तहसीललाही जाऊन आले होते. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं होतं आणि ते त्यांनी वहीतून मला वाचून दाखवलं. कागद बरोबर आहे, टिक आमच्या हातात नाही, टिक वाचणाऱ्याच्या मशीनमध्ये असते. मला ही टाळाटाळ वाटली. मी म्हटलं, काका, बाकीच्यांना मिळतेच आहे ना, मग तुम्हालाच का मिळत नाही. हे मी जरा चढ्या आवाजात म्हटलं असणार, कारण रांगेतले लोक त्यांच्याकडे बघायला लागले.

ते बाजूला झाले. आमच्या शिपायाला त्यांची दया आली असावी. त्याने त्यांना दाराशी नेऊन हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं आणि रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे हात केला. ते तिकडे गेले. पंधरा-वीस मिनिटांनी परत आले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले, अगदी शेवटी. नंबर आल्यावर खिडकीच्या गजाला हात लावून, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू बोलले.

"म्याडम, समोर टिक मिळायलीय. मी घेतली न्हाई."

मला कळेना. मिळतेय तर घ्यायची ना, असं मी म्हणणार होते.

"त्यांच्या संगणकात टिकचं चित्र हाय. कागदावर ठिवतेत आन रंगीत छापून देतेत. माझ्या म्होरं तिघांनी घेतली."

असं होणं शक्य नाही, असं मी म्हटलं. ते तिथून हलले नाहीत. मग मी मागे वळून घेतलेल्या कागदांचा ढीग ओढला आणि एकेक बघायला लागले.

सगळ्या टिका एकसारख्या कललेल्या होत्या. एका दाखल्यावर टिक घसरून अधिकाऱ्याच्या आडनावावर बसली होती. एकावर दोन टिका होत्या, पालकाने खात्रीसाठी जास्तीची मागून घेतली असणार. तरीही मी स्वतःला समजावत होते. तेवढ्यात शाळा सोडल्याचा एक दाखला हाताला लागला. हा दाखला एका जुन्या शाळेचा होता, सगळा हाताने भरलेला, खाली मुख्याध्यापकांची निळ्या शाईची सही. संगणकाचा त्याच्याशी जन्मात संबंध आलेला नव्हता. त्या निळ्या सहीवर हिरवी टिक होती. त्याच मुलाच्या रेशनकार्डाच्या प्रतीवर टिक होती. आणि फॉर्मवर लावलेल्या फोटोच्या कोपऱ्यात, मुलाच्या उजव्या खांद्यावर, एक छोटी टिक होती. बापाने बिचाऱ्याने एकदाच काय ते सगळं करून घेतलं होतं.

हे सगळे कागद मी माझ्या हाताने स्वीकारले होते. प्रत्येकावर माझी 'तपासले' अशी सही होती.

त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली आणि चहाला उठले. शिपाई घाबरला. त्याला वाटलं, माझी तब्येत बिघडली. मी त्याला दोन चहा आणायला सांगितले आणि काकांना आत बोलावून खुर्ची दिली.

मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. अख्ख्या रांगेत एकट्या या माणसाने खरा कागद खऱ्या प्रश्नचिन्हासकट आणला होता आणि मी त्यालाच दोनदा परत पाठवलं होतं. काका मात्र शांतपणे बशीतून चहा पीत होते. मग त्यांनीच विषय काढला. पोस्टात बचत खातं असतं, त्यात खातेदाराची नमुना सही घेऊन ठेवतात. पैसे काढायचा कागद आला की नमुना काढायचा, शेजारी धरायचा, दस्कत जुळतंय का बघायचं. एकदा बदलीवर आलेल्या एका नवीन पोस्टमास्तरला नमुन्याचं कार्डच सापडेना, तर त्याने सही खोटी आहे म्हणून कागद परत केला. त्यावरून गावात लय बोंबाबोंब झाली होती.

"नमुना नसला तर सही खोटी हाय म्हणायचं न्हाई, म्याडम. नमुना आपल्यापाशी न्हाई म्हणायचं. आन वरून मागवायचा." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या फोनमधी साहेबाचा नमुना हाय का?"

मला माहीत नव्हतं. लेखापाल जेवायला गेले होते. मी त्यांच्या खुर्चीवर बसले, काकांची फाइल संगणकावर उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून बघितली. इतके दिवस मी त्याच्याकडे बघूनच घाबरत होते, त्याला काय म्हणायचंय ते विचारलंच नव्हतं. एक चौकट उघडली. त्यात दोन वाक्यं होती. मी शब्द जुळवत मराठीत वाचून दाखवलं. पहिलं वाक्य असं की सही झाल्यापासून या कागदात काहीही बदल झालेला नाही. दुसरं असं की सही करणाऱ्याची ओळख पटत नाही, कारण तो तुमच्या विश्वासाच्या यादीत नाही.

"तुमच्या मंजी कुणाच्या?" काकांनी विचारलं.

"आमच्या. या संगणकाच्या."

"मंजी तुमीच वळखत न्हाई त्याला. मग त्याचा काय गुन्हा?"

मी त्यांना सांगितलं की पुढच्या सोमवारी नातीला घेऊन या, तोपर्यंत मी नमुना मिळवून ठेवते. प्रवेशाची मुदत त्या सोमवारीच संपत होती. दुसरा एखादा असता तर लेखी द्या म्हणाला असता. काकांनी वहीत 'सोमवार' लिहिलं, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि एसटी गाठायला निघाले.

त्या आठवड्यात आलेले कागद मी 'तपासले' अशी सही न करता त्याच ढिगात ठेवत गेले. नमुना मिळवणं मला वाटलं तितकं सोपं निघालं नाही. इथे-तिथे वाचून एवढं कळलं की प्रत्येक अधिकाऱ्याचा नमुना वेगळा मिळवायची गरज नाही. ज्या सर्वात वरच्या सरकारी अधिकारपीठाच्या भरवशावर या सह्या चालतात, त्याचं मूळ प्रमाणपत्र एकदा आपल्या फोनमध्ये ठेवलं की खालच्या सगळ्यांची ओळख पटते. ते प्रमाणपत्र सरकारी संकेतस्थळावर मिळालं. एवढीशी फाइल. मी ती फोनमध्ये घालायला गेले तर फोन म्हणाला, आधी कुलूप लावा.

माझ्या फोनला कधीच कुलूप नव्हतं. घरात कोणीही उचलावा, बोलावं, ठेवून द्यावा, असा तो फोन. मी ठिपके जोडायचं कुलूप लावलं. मग फोनने लाल अक्षरांत इशारा दिला की हे प्रमाणपत्र घातलं तर तुमच्या फोनवरच्या हालचालींवर कोणीतरी लक्ष ठेवू शकेल. मी थोडा वेळ थांबले. मग शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची ती टिक डोळ्यांपुढे आली आणि मी 'तरीही चालेल' दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी गॅसचा नंबर लावायला माझा फोन उचलला. फोनने कुलूप दाखवलं. त्यांनी फोन खाली ठेवला, मला हाक मारली नाही, चहा प्यायले, पेपर वाचला, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं की हे कधीपासून. मी म्हटलं, कालपासून. ते म्हणाले, असू दे. त्या 'असू दे'मध्ये इतकं काही होतं की मला कुलूप उघडून सगळं दाखवावं लागलं. दाखवायला गेले तर पडद्याच्या वरच एक सूचना आलेली, 'तुमच्या नेटवर्कवर लक्ष ठेवलं जात असू शकतं.'

"कोण ठेवतंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की सगळ्या सह्यांचा जो मुख्य आहे त्याला मी फोनमध्ये ठेवून घेतलंय, कॉलेजच्या कामासाठी. हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मलाच विचित्र वाटलं. त्यांनी फोनकडे बघितलं आणि खाली ठेवताना पडदा टेबलाकडे केला. पुढचे दोन दिवस आमच्या घरात सगळे हळू बोलत होते. भाजी फोडणीला टाकताना मी फोनवर फडकं टाकायला लागले होते, हेही सांगून टाकते.

आणि एवढं करून प्रश्नचिन्ह होतं तिथेच होतं. मी काकांची फाइल उघडायचे, खाली जायचे, ते पिवळं चिन्ह मला बघून हसायचं. शेवटी शुक्रवारी लक्षात आलं की मी नमुना चुकीच्या कपाटात ठेवला होता. फोनची यादी वेगळी, आणि फाइल उघडणाऱ्या अ‍ॅपची यादी वेगळी. शिवाय मी वापरत होते ते अ‍ॅप सही तपासतच नव्हतं. ते फक्त कागदाचं चित्र दाखवायचं, आणि प्रश्नचिन्ह त्या चित्रातच छापलेलं होतं. म्हणजे गेले कित्येक दिवस मी फोनवर तपासणी करत होते असं मला वाटत होतं, तेव्हा प्रत्यक्षात मी नुसतं चित्र बघत होते. समोरचा झेरॉक्सवाला आणि मी, दोघांचा धंदा एकच होता.

मी फोनमधलं ते प्रमाणपत्र काढून टाकलं, लक्ष ठेवण्याची सूचना गेली आणि घरात पुन्हा मोठ्याने बोलणं सुरू झालं. सह्या तपासणारं एक अ‍ॅप घेतलं. रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून मूळ प्रमाणपत्र त्या अ‍ॅपच्या यादीत घालायला गेले, तर त्याने एक लांबलचक आकडा दाखवला आणि विचारलं की हेच का ते, खात्री आहे का. आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला तो आकडा सरकारी संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळायला हवा होता. मी यजमानांना बोलावलं. त्यांनी त्यांच्या फोनवर संकेतस्थळ उघडलं आणि वर्गात हजेरी घेतात त्या सुरात दोन-दोन अक्षरं वाचायला लागले. मी माझ्या पडद्यावर बोट ठेवून 'आहे, आहे' म्हणत गेले. मध्येच त्यांनी एक जोडी मुद्दाम चुकीची वाचली. मी 'नाही' म्हटलं. ते म्हणाले, जागी आहेस का ते बघत होतो.

आकडा जुळला. मी 'विश्वास आहे' दाबलं आणि काकांची फाइल उघडली. अ‍ॅपने क्षणभर विचार केला आणि सहीवर हिरवी टिक उमटवली. कोणी छापलेली नव्हती, माझ्यासमोर उमटली. मी यजमानांना फोन दाखवला. त्यांनी नीट बघितली आणि एवढंच का, असं विचारलं. एवढंच, मी म्हटलं.

सोमवारी खिडकी उघडायच्या आधी मी प्राचार्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं, झेरॉक्सच्या दुकानापासून फडक्यापर्यंत. फडकं सांगायचं काही कारण नव्हतं, पण सुरुवात केली की माझं थांबत नाही. त्यांनी तो शाळा सोडल्याचा दाखला मागून घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि मग चष्मा काढून डोळे पुसले. ते हसत होते की काय हे मला कळलं नाही. शेवटी म्हणाले की पाटी काढा आणि जे बरोबर असेल ते लिहा, मला विचारू नका, मला पडद्यावर दाखवलं तेवढंच माहीत होतं. मी नवीन पाटी लिहिली की दाखल्याची मूळ फाइल आणावी, तपासणी ऑफिसात होईल, छापील टिकेची गरज नाही. या खेपेला खाली रेघ ओढली नाही.

ढिगातल्या सगळ्या पालकांना शिपायाने आणि मी मिळून फोन केले आणि मूळ फाइली मागवल्या. दुपारपर्यंत त्या येत राहिल्या. एकेक अ‍ॅपमध्ये घातली आणि एकेक खरी निघाली. टिका तेवढ्या खोट्या होत्या, दाखले सगळे खरे होते. फक्त एकावर लाल फुली आली. सही झाल्यावर या कागदात बदल झाला आहे, असं अ‍ॅप म्हणत होतं. बापाला बोलावलं. ते एका शाळेत मराठी शिकवायचे. दाखल्यात मुलीच्या नावाची वेलांटी चुकली होती, ती त्यांनी दुकानात बसून दुरुस्त करून घेतली होती. वेलांटी त्यांचीच बरोबर होती, पण त्यांना नवीन दाखला काढायला पाठवावं लागलं. जागा मी प्राचार्यांना विचारून राखून ठेवली. चुकीचा दाखला खरा आणि बरोबर केलेला खोटा, हे कोणत्या व्याकरणात बसतं, असं ते जाताना मला विचारून गेले.

मधल्या सुट्टीत मी रस्ता ओलांडून झेरॉक्सच्या दुकानातही गेले. भांडायच्या तयारीने गेले होते. दुकानदाराने मला स्टूल दिलं आणि सरळ सांगितलं की तुमच्या खिडकीला टिक पाहिजे अशी पाटी होती, लोक टिक मागत आले, मी टिक दिली. खरी पाहिजे असं पाटीवर कुठं होतं, असं त्याने विचारलं. त्याने ते चित्र माझ्यासमोर संगणकातून काढून टाकलं. दुसरं कुठे ठेवलं असेल तर ते मला माहीत नाही.

काका अडीचच्या सुमारास आले. सोबत नात होती, दोन वेण्या घातलेली, आजोबांसारखीच गप्प. मी त्यांची फाइल त्यांच्यासमोर पुन्हा मागवून घेतली आणि अ‍ॅपमध्ये उघडली. टिक आली. मी फोन खिडकीतून पुढे केला. काकांनी चष्मा लावून बघितली, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना नमुन्याचं कार्ड बघायचं होतं.

मी टिकेवर टिचकी मारून उघडून दाखवलं. सर्वात खाली तहसीलचे साहेब, त्यांची ओळख देणारी वरची एक संस्था, आणि सगळ्यात वर ते सरकारी अधिकारपीठ. काकांनी बोटाने खालून वर जिना चढावा तसं एकेक नाव वाचलं.

"आन ह्यांची वळख कोण देतं?" सर्वात वरच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न मला रविवारी पडला होता. मी सांगितलं की त्यांच्यावर कोणी नाही, स्वतःच्या ओळखीवर तेच सही करतात.

रांगेतले लोकही ऐकत होते.

"मंजी शेवटी कुणाला तरी मानावंच लागतं."

"हो."

"पण नीट बघून मानायचं."

मी त्यांना त्या लांबलचक आकड्याबद्दल सांगितलं, यजमानांनी वाचला आणि मी जुळवला तो. त्यांना ते पटलं. दोघांनी मिळून बघितलं ते बरं केलं, पोस्टातही तिजोरीला दोघं लागायचे, असं म्हणाले. मग नातीला फोन दाखवून त्यांनी तिला ती तीन नावं वाचायला लावली. ती वाचताना एका इंग्रजी शब्दावर अडली, तेव्हा रांगेतल्या एका बाईंनी तिला तो सांगितला.

प्रवेश झाला. पालकाच्या जागी काकांनी पेनाने सही केली, सावकाश, अक्षर न अक्षर वाचता येईल अशी. पावती देताना मी त्यांना म्हटलं की माझ्या चुकीमुळे तुम्हाला एवढ्या लांबून विनाकारण यावं लागलं. ते असू द्या म्हणतील असं मला वाटलं होतं.

"दोन खेपा झाल्या खऱ्या," ते म्हणाले. रजिस्टरमधली नोंद वाचून दाखवावी तसं. मग म्हणाले की गावातून अजून चार-पाच पोरी येणार आहेत, त्यांना खेपा पडू नयेत म्हणून काय काय आणायचं ते एका कागदावर लिहून द्या. मी लिहून दिलं. कोणती फाइल, ती कोणत्या फोनवर पाठवायची, छापील टिक आणू नये, सगळं. त्यांनी वाचलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"ह्याच्यावर तुमचं दस्कत करा, म्याडम. आन गोल शिक्का मारा. न्हाईतर गावात कुणी मानायचं न्हाई."

मी सही केली. शिक्का जरा फिका उमटला म्हणून त्यांनी पुन्हा मारायला लावला. मग शाईवर फुंकर घालून त्यांनी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात सर्वात वर ठेवला, यादीत त्याचा नंबर लिहिला आणि नातीला घेऊन बसस्थानकाकडे निघाले.